त्र्यंबकजी डेंगळे यांची कैद: एका दिवाळी अंकातल्या लेखाची पडताळणी

पार्श्वभूमी

गेली काही वर्षं मी एका दिवाळी अंकासाठी इतिहासावरच्या लेखांची पडताळणी करते. अंकाचं नाव, लेखकाचं नाव, त्यांचं गाव यातलं काहीच इथे देत नाही. बाकी जसं घडलं तसं लिहिते.

त्या वर्षी अंकात कैद आणि कैदी या विषयावर एक विभाग होता. त्यात दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर एक मोठा लेख आला. लेखक निवृत्त शिक्षक, पंचाहत्तरी ओलांडलेले. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो. संगमनेर, नाशिक, निफाड हा सगळा पट्टा त्यांनी सायकलवरून पालथा घातलेला. लेख हाताने लिहिलेला होता, अक्षर वळणदार, आणि समासात पेन्सिलीने 'हे आजोबांकडून', 'हे वाड्यावरच्या एका म्हाताऱ्याकडून' अशा नोंदी. या नोंदी पुढे फार उपयोगी पडल्या.

त्र्यंबकजी कोण हे सगळ्यांच्या ध्यानात असेलच असं नाही. संगमनेर भागातल्या निमगाव जाळीचा हा माणूस बाजीरावांच्या पदरी जासूद म्हणून लागला आणि चढत चढत त्यांचा सर्वांत विश्वासातला कारभारी झाला. १८१४ मध्ये अहमदाबादचा सुभा त्यांच्याकडे आला. त्याच सुमाराला बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हिशेबाचा जुना वाद मिटवायला पुण्यात आले होते, आणि त्यांच्या जिवाची हमी ईस्ट इंडिया कंपनीने घेतलेली होती. जुलै १८१५ मध्ये, आषाढीच्या दिवसांत, पंढरपुरात विठोबाचं दर्शन घेऊन परतताना शास्त्रीबुवांचा रात्री खून झाला. ठपका त्र्यंबकजींवर आला. त्यांना कंपनीच्या ताब्यात द्यावं लागलं, ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, तिथून ते निसटले, पुन्हा सापडले आणि शेवटी गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात कैदेतच १८२९ मध्ये वारले.

लिहायला सोपं वाटावं असं हे आयुष्य. पडताळायला बसलं की वाक्यावाक्याला अडखळायला होतं.

अडचण काय होती

सरांच्या लेखातली विधानं मी एका वहीत सुटी करून लिहिली. चाळीसेक भरली. त्यातली निम्मी विनातक्रार होती. उरलेल्यांत पाच जागा अशा होत्या की त्या चुकल्या असत्या तर सगळा लेखच लंगडा पडला असता.

एक, त्र्यंबकजींनी 'चौदा वर्षांची शिक्षा भोगली'. दोन, त्यांना 'काळ्या पाण्यावर धाडलं'. तीन, शास्त्रींचा खून 'त्र्यंबकजींनी केला. खुद्द पेशव्यांनी तसं तहात कबूल केलं'. चार, ठाण्याच्या 'तुरुंगा'बाहेर एका मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या नोकराने, गाणं म्हणून त्यांना पळून जाण्याचा निरोप दिला, आणि त्या गाण्याचे म्हणून मराठीत दोन कडवी. पाच, चुनारच्या 'अंधारकोठडीत खितपत' त्यांचा अंत झाला.

यातल्या एकाही विधानात सरांनी पदरचं घातलं नव्हतं. प्रत्येक गोष्ट कुणीतरी त्यांना सांगितलेली होती किंवा त्यांनी कुठेतरी वाचलेली होती. अडचण वेगळीच होती. पदावरून खाली आलेल्या माणसाबद्दल त्याचे शत्रू एक लिहितात, त्याच्या मुलखातली माणसं दुसरं सांगतात, आणि दोन्ही धागे दोनशे वर्षांत एकमेकांत इतके गुंततात की कुठलं सूत कुणाचं ते ओळखू येत नाही. त्र्यंबकजींच्या बाबतीत लिखित पुरावा बहुतेक सगळा त्यांना कैद करणाऱ्यांच्या हातचा आहे. कंपनीचा पत्रव्यवहार कंपनीने लिहिला, पहिला सविस्तर इतिहास कंपनीच्या अधिकाऱ्याने लिहिला, आणि चुनारच्या कैदेचं वर्णन कलकत्त्याच्या बिशपने लिहिलं.

अंक छपाईला जायला तीन आठवडे होते.

समोर कोणते पर्याय होते

संपादकांनी पहिल्याच बैठकीत विचारलं, "लोकपरंपरेतली कथा म्हणून छापू या का? वर एक ओळ टाकू, म्हणजे कुणी जाब विचारायला नको." हा सगळ्यांत सोपा मार्ग होता. मला तो पटला नाही. ज्यात साल आहे, गाव आहे, माणसाचं नाव आहे असा लेख वाचणारा खरा म्हणूनच वाचतो. वरची ओळ कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि यात एका माणसावर खुनाचा डाग आहे. त्यांचे वंशज आहेत, गाव आहे.

दुसरा पर्याय होता शंका आली ती विधानं सरळ काढून टाकण्याचा. तसं केलं असतं तर गाणंही गेलं असतं, तहही गेला असता, आणि उरला असता विश्वकोशातल्या नोंदीसारखा सांगाडा. लेख परत पाठवून पुढच्या वर्षी घेणं हाही एक मार्ग होता. पण सरांच्या वयाच्या माणसाला 'पुढच्या वर्षी' म्हणणं माझ्याच्याने झालं नाही. हे कारण पडताळणीतलं नव्हे, हे मी कबूल करते.

शेवटी ठरलं ते असं: सरांच्या बरोबर बसून एकेक विधान घ्यायचं, ते पहिल्यांदा कुणी, कधी आणि कुठल्या भाषेत सांगितलं हे शोधायचं आणि त्याप्रमाणे वाक्याचं क्रियापद ठरवायचं. विधान ठेवायचं की काढायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

काय केलं: आधी हिशेब

चौदा वर्षांचा मुद्दा सर्वांत आधी घेतला, कारण तो नुसता मोजणीचा होता. १८१५ ते १८२९ अशी वजाबाकी केली की चौदा येतात. पण मधले दिवस त्र्यंबकजी मोकळे होते. सप्टेंबर १८१५ मध्ये ते कंपनीच्या हवाली झाले आणि १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री ठाण्याच्या किल्ल्यातून पसार झाले. म्हणजे पहिली कैद पुरती वर्षाचीही नाही. त्यानंतर जून १८१८ च्या अखेरीस निफाडकडच्या अहिरगावात कॅप्टन स्वॅन्स्टनच्या तुकडीने त्यांना पकडलं. ही पावणेदोन वर्षं ते डोंगरात होते, भिल्ल आणि रामोशी जमवत होते, आणि १ जानेवारी १८१८ ला कोरेगावच्या लढाईतही होते. कैदेची बेरीज मग बारा वर्षांच्या आसपास येते.

पहिल्या कैदेच्या आधीचाही एक तुकडा आहे आणि तो लेखात नव्हता. बाजीरावांनी त्र्यंबकजींना लगेच इंग्रजांच्या हाती दिलं नाही. आधी कऱ्हाडजवळच्या वसंतगडावर स्वतःच्याच नजरकैदेत ठेवलं आणि एवढ्यावर भागेल का ते पाहिलं. भागलं नाही. हा तुकडा आम्ही लेखात घातला, कारण 'त्र्यंबकजी शरण गेले' आणि 'धन्याने त्यांना देऊन टाकलं' यांत फार अंतर आहे.

'शिक्षा' हा शब्द मात्र मोजणीने सुटणारा नव्हता. शिक्षा म्हटलं की खटला आला, न्यायाधीश आला, निकाल आला. त्र्यंबकजींवर खटला चाललाच नाही. ते राजकैदी होते. पेशव्यांच्या दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी चौकशी केली, त्र्यंबकजी जबाबदार आहेत असं मत बनवलं आणि पेशव्यांकडे त्यांची मागणी केली. सगळ्या लेखभर 'शिक्षा' पुसून 'कैद' लिहिलं. सर म्हणाले, "एका शब्दाने एवढं काय होतंय?" मी म्हटलं, "सर, शिक्षा लिहिलं की गुन्हा सिद्ध झाला असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी स्वतःच लाल पेन उचललं.

काळं पाणी

हे विधान कालगणनेत बसत नव्हतं. अंदमानात १७८९ मध्ये कंपनीने एक वसाहत केली होती, ती १७९६ मध्ये मोडली, आणि कैद्यांची नवी वसाहत उभी राहिली ती १८५७ च्या उठावानंतर, १८५८ मध्ये. १८१८ साली तिथे कुणाला धाडायला काही नव्हतंच.

पण काढून टाकण्याआधी मी सरांच्या समासातली नोंद पाहिली: 'आजोबा म्हणायचे, गंगेपार काळ्या पाण्याला नेला.' म्हणजे सांगणाऱ्याच्या मनात अंदमान नव्हतं. परत न येण्याजोग्या ठिकाणी नेलं, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पुढच्या पिढीने तो शब्द नकाशावर नेऊन ठेवला. आम्ही आजोबांचं वाक्य आजोबांच्या तोंडी अवतरणात ठेवलं आणि पुढच्याच ओळीत चुनार आजच्या उत्तर प्रदेशात, मिर्झापूर जिल्ह्यात गंगेकाठी आहे हे लिहिलं.

खून: कुणाचं म्हणणं

इथे सर आणि मी खरोखर भांडलो. दोन दिवस फोन नाही.

सरांचा मुद्दा सरळ होता. कंपनीशी झालेल्या १३ जून १८१७ च्या पुणे तहात बाजीरावांनी त्र्यंबकजी खुनी असल्याचं मान्य केलं आहे. धन्यानेच मान्य केल्यावर आपण कोण शंका घेणार? त्र्यंबकजी हे त्यांच्या मुलखाचे, तरी सर त्यांची बाजू घेत नव्हते. उलट आपल्या भागातला म्हणून आपण त्याला झाकतोय असं कुणी म्हणू नये, याची त्यांना काळजी होती. याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

माझं म्हणणं असं होतं की त्या कबुलीच्या आदल्या महिन्यात काय घडलं ते लिहिल्याशिवाय कबुली लिहायची नाही. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टन यांनी पुण्याला फौजेचा वेढा आणला आणि त्र्यंबकजींना हजर करीपर्यंत तारण म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागून घेतले. असं मानगुटीवर बसून लिहून घेतलेलं वाक्य खुनाचा पुरावा होत नाही. तहात असं लिहिलेलं आहे, एवढाच त्याचा पुरावा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शास्त्रीबुवांना शत्रू एकटे त्र्यंबकजी नव्हते. बडोद्याच्या दरबारातले सीताराम रावजी यांच्या गटाची माणसं, गोविंदराव बंडोजी आणि भगवंतराव गायकवाड, त्याच वेळी पेशव्यांकडे होती आणि शास्त्रींच्या विरोधात खटपटी करत होती. एल्फिन्स्टन यांनी त्यांचीही मागणी केली होती. आणि खून झाला तेव्हा एल्फिन्स्टन स्वतः वेरूळकडे होते. त्यांच्यापुढे आली ती सारी दुसऱ्यांनी आणलेली माहिती. याचा अर्थ त्र्यंबकजी निर्दोष होते असा मी मुळीच काढत नाही. शास्त्रींना त्या रात्री देवळात यायचा आग्रह करणाऱ्यांत ते होते असं तेव्हाच्या वृत्तांतांत आहे, आणि तो मुद्दा वजनदार आहे. पण वजनदार असणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "तुमचं वाक्य सांगा, लिहून घेतो." ठरलेलं वाक्य असं: 'एल्फिन्स्टन यांच्या चौकशीत त्र्यंबकजींना खुनासाठी जबाबदार धरण्यात आलं, खटला झाला नाही, पुढे फौजेच्या वेढ्यात झालेल्या तहात पेशव्यांनाही ते मान्य करावं लागलं.' लांबलचक वाक्य आहे. पण यात कोण काय म्हणालं ते जागच्या जागी आहे.

खुनाच्या दिवसाबद्दल पुस्तकांत एकवाक्यता नाही, १४ जुलैपासून २० जुलैपर्यंत तारखा सापडतात. आम्ही महिना आणि वर्ष ठेवलं, तारीख गाळली.

मोतद्दाराचं गाणं

सगळ्यांत जास्त वेळ यात गेला, आणि चूकही माझीच झाली.

लेखातली गोष्ट अशी. ठाण्यात त्र्यंबकजींवर सगळा पहारा गोऱ्या शिपायांचा. एका अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार नोकरीला राहिला. तो रोज घोडा फिरवताना कैद्याच्या खिडकीखालून जायचा आणि गाणं म्हणायचा. गाण्यात निरोप असायचा. पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी समासात लिहिलं, 'दंतकथा, काढावी.' गोष्ट फारच गोंडस होती. कैदी, खिडकी, गाणं, वेंधळा पहारा, असं सगळं एका जागी आलं की मला संशय येतो. त्यातून इंटरनेटवर ती जिथे तिथे दिसत होती आणि सगळीकडे शेवटी कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांचं नाव. हेबर १८२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले, १८२६ मध्ये वारले, आणि त्यांचं प्रवासवर्णन १८२८ मध्ये छापलं गेलं. पलायनानंतर आठ-नऊ वर्षांनी ऐकलेली गोष्ट, आणि तीही एका कवीने ऐकलेली, कारण हेबर पद्यरचनेसाठी नावाजलेले होते. मी संपादकांना सांगूनही टाकलं की हे जाणार.

दोन दिवसांनी, भलतंच काही शोधताना, कंपनीचे अधिकारी ग्रँट डफ यांच्या मराठ्यांच्या इतिहासातलं ठाण्याच्या पलायनाचं पान उघडलं. ते मला आधी सापडलंच नव्हतं, कारण मी 'डेंगळे' शोधत होते आणि जुन्या इंग्रजी छापात ते आडनाव 'डेंगलिया'च्या जवळपास जाईल असं लिहिलेलं असतं. तिथे मोतद्दार होता! घोड्याला फिरवणं, खिडकीखालून जाणं, सहज म्हटल्यासारखं गाणं, न समजणारे युरोपीय पहारेकरी, सगळं. हा ग्रंथ १८२६ चा, म्हणजे हेबर यांच्या पुस्तकाच्या आधी छापलेला. ग्रँट डफ त्या वर्षांत एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली काम करत होते, पुढे साताऱ्याला राहिले. ऐकीव गोष्ट म्हणून झटकावी अशी ही जागा नाही. शिवाय देशी पहारेकरी फितूर होतील म्हणून मुद्दाम गोरे नेमले आणि नेमक्या त्यांच्याच कानांवरून निरोप गेला, ही कंपनीची नामुष्की आहे. ती कंपनीच्या माणसाने उगाच रचायचं कारण नव्हतं. उलट बाजूही मी वहीत लिहून ठेवली: 'भाषा कळली नाही' ही सबब पहारेकऱ्यांना सोयीची होती, कारण मग कुणी लाच घेतली का हा प्रश्न उठत नाही.

म्हणजे गोष्ट राहिली. प्रश्न उरला कडव्यांचा.

सरांनी दिलेल्या मराठी ओळींत झुडपामागे लपलेले तिरंदाज होते, झाडाखाली घोडा होता, पंचावन्न घोडे आणि चोपन्न माणसं होती, आणि पंचावन्नावा स्वार मांड टाकील तेव्हा दख्खन पुन्हा बहरेल असा शेवट. हेबर यांचं इंग्रजी पद्य शेजारी ठेवलं तर ओळीला ओळ जुळत होती. ग्रँट डफ यांच्याकडे गाण्याचे शब्द नाहीतच. मराठी ओळींची यमकं एकाआड एक होती, इंग्रजी बॅलडसारखी. ओवीची किंवा पोवाड्याची ती चाल नव्हे. आणि एक शब्द होता 'सरदार-वीर', जो कुठल्याच मोतद्दाराच्या तोंडी सहज बसेना. इंग्रजीत तिथे मध्ययुगीन युरोपातल्या चिलखती स्वाराचा शब्द आहे. मराठी करणाऱ्याला तो अडला आणि त्याने असा जोडशब्द बनवला, हे डोळ्यांना दिसत होतं.

म्हणजे मराठीतून इंग्रजीत गेलेलं, आणि बहुधा वाटेत बिशपसाहेबांच्या हातून सजलेलं गाणं कुणीतरी पुन्हा मराठीत आणलं होतं आणि ते 'मूळ' म्हणून फिरत होतं. सरांना हे सांगताना मला फार जड गेलं. त्यांनी या ओळी वर्गात मुलांकडून पाठ करून घेतल्या होत्या.

ते म्हणाले, "मग खरं गाणं गेलंच म्हणायचं."

हो. छापील पुराव्यात तरी त्या मोतद्दाराचे शब्द नाहीत. त्याचं नावही नाही.

त्या कडव्यांतून आणखी एक गोष्ट लेखात झिरपली होती: 'चोपन्न स्वार बाहेर सज्ज उभे होते.' ही संख्या कवितेतलीच. तिला दुसरा आधार मिळाला नाही, ती काढली. ओळी ठेवल्या, पण 'हेबर यांच्या इंग्रजी पद्यावरून केलेलं मराठी' असं वरच स्पष्ट लिहून.

चुनारचा तेरडा

'अंधारकोठडीत खितपत' हे वाक्य मला आधी निरुपद्रवी वाटलं होतं. कैद आहे म्हणजे हालच असणार, असं आपण धरून चालतो.

हेबर मात्र १८२४ मध्ये चुनारला त्र्यंबकजींना प्रत्यक्ष भेटले होते, आणि गाण्यासाठी उघडलेल्या त्याच पुस्तकात ते वर्णन होतं. पहारा कडक, युरोपीय आणि देशी दोन्ही. कैदी कधीच नजरेआड होऊ द्यायचा नाही. झोपायच्या खोलीच्या गजांच्या खिडक्या बाहेरच्या ओसरीत उघडतात आणि त्या ओसरीतच पहारेकरी बसतात. पण खोल्या दोन, मोठ्या आणि हवेशीर. देवपूजेला छोटीशी वास्तू. स्वतःचे चार नोकर, त्यांची जाता-येता झडती. आणि एक लहानशी बाग, पिंपळाच्या सावलीतली, तिच्यात त्र्यंबकजींनी स्वतः लावलेली फुलझाडं. हेबर यांनी फुलाचं नाव दिलं आहे: तेरडा. कैद्याचं रूपही त्यांनी टिपलं आहे. लहानखुरा, चपळ, चिडखोर वाटणारा माणूस, डोक्याखांद्यावरून ओढलेलं रुंद लाल काठाचं मळकं सुती वस्त्र.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसले. ठाण्याच्या किल्ल्यातून निसटलेला माणूस आता रात्रभर पहारेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर झोपतो आणि सकाळी तेरड्याला पाणी घालतो. 'अंधारकोठडी' या शब्दाने यातलं सगळं झाकून टाकलं होतं, कडक पहारासुद्धा.

अर्थात साक्षीदार एकटा, एका भेटीचा, आणि कैद्याला ठेवणाऱ्यांचा पाहुणा. अकरा वर्षांतला एक दिवस त्याने पाहिला. म्हणून लेखात 'हेबर यांनी १८२४ मध्ये पाहिलं ते असं' एवढ्याच हद्दीत ते ठेवलं. आधीच्या किंवा नंतरच्या वर्षांबद्दल काही लिहिलं नाही.

संपादकांना लगेच मथळा सुचला, 'तेरड्याचा रंग'. तीन दिवसांचं वैभव, म्हण सगळ्यांच्या ओळखीची. सरांनीच ते थांबवलं. "फूल राहू द्या, म्हण नको. म्हणीने आपण त्यांना हिणवतोय असं होईल." सर म्हणाले ते बरोबर होतं, आणि हे मला सुचायला हवं होतं.

परिणाम

लेख मूळच्यापेक्षा पाचशे शब्दांनी मोठा होऊन छापला गेला. गाण्याबद्दल वेगळी चौकट दिली. सरांच्या गावाकडून काही रागावलेली पत्रं आली: ओळी खोट्या म्हणता, तर मग आम्ही लहानपणापासून म्हणतो ते काय? चौकटीत 'खोट्या' असा शब्द कुठेच नव्हता, पण वाचणाऱ्याला तसं लागलं, हे खरं. सरांनी प्रत्येक पत्राला स्वतः उत्तर लिहिलं.

चूक राहिली ती भलत्याच जागी. ठाण्याच्या किल्ल्याच्या छायाचित्राखाली ओळ गेली: 'त्र्यंबकजी जिथून निसटले ते ठाणे कारागृह.' १८१६ मध्ये ते कारागृह नव्हतं. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला आणि १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जिंकलेला तो किल्ला होता, आत शिबंदी, म्हणजे पहाऱ्याची फौज, होती. मोतद्दार घोडा घेऊन खिडकीखालून रोज जाऊ शकला तो यामुळेच. तुरुंगाच्या आवारात त्याला कुणी फिरकू दिलं नसतं. लेखात आम्ही 'तुरुंग' शब्द सगळीकडून काढला होता. छायाचित्राखालची ओळ मात्र पानं लावणाऱ्या मुलाने पहिल्या खर्ड्यातून उचलली, आणि ती माझ्याकडे आलीच नाही. एका वाचकाने पोस्टकार्ड लिहून ती दाखवून दिली.

आज करायचं झालं तर

समासातल्या नोंदी मी पहिल्याच दिवशी सरांबरोबर बसून वाचीन. त्या मी शेवटी वाचल्या. आधी वाचल्या असत्या तर काळ्या पाण्याचा उलगडा पाच मिनिटांत झाला असता.

नावाची सगळी जुनी स्पेलिंगं सुरुवातीलाच लिहून काढीन आणि प्रत्येक स्पेलिंगने शोधीन. त्या एका आळसापायी खरी गोष्ट लेखातून जवळजवळ उडाली होती. ग्रँट डफ यांच्या पानापर्यंत मी योगायोगाने पोचले. पोचले नसते तर 'दंतकथा, काढावी' हेच कायम झालं असतं आणि मी स्वतःला फार काटेकोर समजले असते.

खुनाच्या वाक्यावरून सरांशी फोनवर वाद घालायला नको होता. तहाचं कलम आणि मे १८१७ चा घटनाक्रम एका कागदावर शेजारी शेजारी लिहून त्यांच्या हातात दिला असता तर ते दोन दिवस गेले नसते. आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला फोनवर खोडून काढणं बरं नव्हे.

गाण्याच्या चौकटीत मोतद्दाराची गोष्ट भक्कम आहे हे आधी सांगीन, ओळी कशा तयार झाल्या ते नंतर. आम्ही उलट क्रम लावला आणि लोक पहिल्याच वाक्यावर दुखावले.

आणि छायाचित्रांखालच्या ओळी, मथळे, अनुक्रमणिकेतली दोन ओळींची ओळख, मागच्या पानावरचा मजकूर, हे सगळं आता वहीत वेगळ्या रकान्यात असतं. पानं लावणारा मुलगा छपाईच्या आदल्या रात्री ते मला पाठवतो आणि मी ते वाचल्याशिवाय अंक जात नाही.